बाबांच्या हाताले पेट्रोलचा वास

रविवार, रात्र

उद्या गिऱ्हाईक स्पीड आन् ॲव्हरेज विचारीन, म्हणून बाबांची जुनी विलायती गाडी पांढरकवड्यापर्यंत पळवून आणली. बाबा बाजूले बसून. स्पीड झकास! पण ॲव्हरेज? या खादाड गाडीनं एरवी एवढ्यात टाकी रिकामी केली असती. काटा मात्र अर्ध्यावरच.

मी चहा प्यायले गेलतो, तेव्हा बाबा गाडीपाशीच थांबले होते. परत आलो तर त्यायच्या हाताले पेट्रोलचा वास. घरी डिकीत रिकामी कॅनही सापडली. पण काहून? गाडी विकू नको म्हणून महिनाभर अबोला धरलेला माणूस तिचं ॲव्हरेज कायले वाढवते? काही समजूनच नाही राह्यलं.

जेवतानाही हाताले तोच वास. मी पाहून राह्यलो, तसे बाबा बोलले, "जायचीच आहे तर जाऊ दे. पण त्या माणसासमोर तिले खादाड नको म्हणू."