रेन सहाला परत येतोय

इशू,

तू क्लासला असताना तुझा रेन येऊन गेला. त्याच्या आजीचं ऑपरेशन ठरलंय, घरचे सगळे क्योतोला निघालेत, त्यामुळे शाळेच्या डान्सला तुझ्याबरोबर यायला जमणार नाही, हे सांगायला. मेसेजवर कळवणं बरं दिसत नाही म्हणे. इस्त्रीचा शर्ट घालून, माफीचा म्हणून मिठाईचा खोका घेऊन दारात उभा होता, आणि मलाच वाकून वाकून सॉरी म्हणत होता. पोहे दिले, ते संपवले, पण चेहरा काही उजळला नाही. सहाला परत येतोय.

आणि तू चार दिवस माझं डोकं खातेयस, की मैत्रिणींबरोबर जायचंय, रेनला नाही कसं म्हणू.

सुटले म्हणून त्याच्यासमोर हसू नकोस. ‘इट्स ओके’ म्हणून मोठेपणाही घेऊ नकोस. त्याचं पूर्ण बोलून होऊ दे, मग तुझं खरं सांग. नाहीतर बिचारा उगाच ओझं घेऊन क्योतोला जाईल.

मी भाजी आणायला जातेय, सावकाश येईन. खोका ओट्यावर आहे. तुझं सांगून झाल्याशिवाय उघडू नकोस. त्यातली निम्मी माफी आपण मागायची आहे.

– आई