शवपेटीतून उत्तेजन

२ फेब्रुवारी, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी बाजूला घेतलं. तरुण संघ चर्चच्या हॉलमध्ये एक जुनं क्लासिक शोकनाटक करतोय. मुलांना उत्तेजन देण्याचं काम मी करावं. तालमीआधी छोटी प्रार्थना, बस्स. योग्य माणूस निवडला. नायिका आमचीच कन्या. प्रयोगाला ड्रामा कॉलेजचे सर येणार, त्यांना पसंत पडली तर प्रवेश. म्हणजे खरी जबाबदारी माझ्यावरच.

५ फेब्रुवारी
पहिली तालीम. प्रार्थना, एक वचन, प्रभूने मला कसं सावरलं याची थोडक्यात साक्ष. मुलं डोळे मिटून इतकी तल्लीन, की दोघांना हलवून उठवावं लागलं. पहिला अंक राहिला. होईल उद्या.

११ फेब्रुवारी
कन्या म्हणते, प्रवेश चालू असताना मध्येच शाब्बास म्हणू नका. दडपण आलंय पोरीला. उद्यापासून हळू म्हणेन.

१४ फेब्रुवारी
हळू म्हटलं. दिग्दर्शिकाबाईंनी तालीम थांबवली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. माझ्यात काहीतरी दिसलं असावं.

१५ फेब्रुवारी
अंदाज खरा. मला भूमिका! मेलेला राजा. पडदा वर गेल्यापासून शेवटपर्यंत स्टेजच्या मधोमध, उघड्या शवपेटीत. संवाद नाहीत. तालमीआधीची प्रार्थना आता बाईच घेणार, मी तोवर पेटीत पडून भूमिकेत मुरायचं. मिसेसला सांगितलं. ती म्हणाली, बाईंचा फोन आला होता, मीच सुचवलं. बायकोचा आधार असावा तर असा.

२२ फेब्रुवारी
पेटी अरुंद. सुताराने माप माझ्या लग्नातल्या कोटावरून घेतलं. कोपर हलत नाही, नाक खाजवता येत नाही. माझ्या जागी पुतळा ठेवला तर, असं पाळकसाहेबांना सुचवलं. ते म्हणाले, ही तुमची सेवा आहे. झालं, सुटायची वाटच बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१ मार्च, सकाळी
आज प्रयोग. ठराव: तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

२ मार्च
कन्येच्या संवादांसाठी पेटीला माइक लावलाय हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
दुसऱ्या अंकात कन्या माझ्यावर वाकली आणि थांबली. शब्द नाही, डोळ्यांत पाणी. वाटलं, वाक्य विसरली, आता कॉलेजचा प्रवेश गेला. "घाबरू नकोस बाळा, प्रभू आहे," एवढंच म्हटलं. हॉलभर ऐकू गेलं. हशा.
तिथे थांबायचंच होतं म्हणे. तालमीत त्या सुमारास मला डुलकी लागायची.
कन्येने हशा ओसरू दिला, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि झाकण लावलं. हे नाटकात नव्हतं. झाकण आतून उघडत नाही. जीव घाबरा झाला, पण ओरडलो असतो तर पोरीचं वाटोळं झालं असतं. तिची वाक्यं अंधारात ऐकली. मग टाळ्या. मग खुर्च्या उचलल्याचा आवाज. शेवटी शिपायाने उघडलं आणि विचारलं, तुम्ही अजून इथेच?

९ मार्च
प्रवेश मिळाला! सर म्हणाले, तिने बापावर झाकण लावलं त्याच क्षणी ठरवलं. म्हणजे माझ्यामुळेच.

१४ जून
कॉलेज दुसऱ्या शहरात. टॅक्सी दाराशी. मी कोट घालून तयार. हॉस्टेलच्या खोलीत सगळ्या मुलींसाठी प्रार्थना करायचं ठरवलं होतं. कन्या जवळ आली, माझी कॉलर सारखी केली.
"सोडायला आई येतेय, बाबा. तुम्ही घरूनच प्रार्थना करा. मनातल्या मनात."
बरं म्हटलं. डोळे मिटले. उघडले तेव्हा टॅक्सी निघून गेली होती.