संडासातलं कॅलेंडर

२ मार्च, सोमवार
चौदा तारखेला साठ पूर्ण. या वर्षी कुणालाही आठवण करून द्यायची नाही, हा ठराव. रविवारच्या सायकल ग्रुपशी बावीस वर्षांची दोस्ती आहे. इथल्या डच रिवाजाप्रमाणे त्या चौघांच्याही संडासात ओळखीच्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं आहे, त्यावर मी आहेच. रोज सकाळी समोर बसून वाचतात, विसरतील कसे?

५ मार्च
बायको, टिनेके, मला सोडून उत्रेख्तला गेली त्याला दोन वर्षं झाली. तिने फर्निचर नेलं, मित्र मला राहिले. मीच फायद्यात.

८ मार्च, रविवार
आठ वाजता कालव्याच्या पुलावर हजर. चौघांपैकी एकजणही आला नाही. परतताना पाहिलं तर हर्मेनच्या खिडकीत पताका, दारात बाकी तिघांच्या सायकली. माझ्या साठीचा प्लॅन शिजतोय! न बघितल्यासारखं करून पुढे गेलो.

१२ मार्च
ठराव मोडलेला नाही, फक्त तयारी. सफरचंदाचे दोन केक सांगितले. शेजारच्या फोक्येबाईंकडून चार खुर्च्या आणल्या, घरच्या धरून आठ गोल मांडल्या. त्यांनी विचारलं, कोण येणार? म्हटलं, सगळे.

१४ मार्च, दुपारी ४
वारा फार आहे. सायकलवर उशीर होणारच.

सायंकाळी ७
केकचे तीन तुकडे खाल्ले. फोक्येबाई खुर्च्या न्यायला आल्या. वाढदिवस आहे कळल्यावर हात मिळवून अभिनंदन केलं आणि खुर्च्या घेऊन गेल्या. हरामखोर सगळे. फोक्येबाई सोडून.

१५ मार्च
सकाळीच हर्मेनकडे गेलो. तो आंघोळीला. संडासात शिरलो. कॅलेंडर नवं. चौदा मार्च कोरा. आठ मार्चला लाल अक्षरांत हर्मेन. बावीस जूनला टिनेके, शेजारी फुलाचं चित्र.

बाहेर येऊन त्याच्या बायकोला, योकेला, जाब विचारला. ती शांतपणे म्हणाली, "जुनं फाटलं, म्हणून ज्यांची वाढदिवसाला कार्डं येतात त्यांची नावं उतरवली. तुम्हा दोघांचं कार्ड टिनेके पाठवायची, रायंडर. अजूनही पाठवते. फक्त आता खाली तुझं नाव नसतं."

सायकलिंगला गेलो नाही. गुडघा दुखत होता.

१६ मार्च
आमच्या संडासात दोन वर्षं नुसता खिळा आहे. कॅलेंडर टिनेकेने नेलं, हे आज लक्षात आलं. नवं आणून टांगलं. चौदा मार्चला मी. आठला हर्मेन. बावीस जूनला टिनेके, तेही काल वाचलं म्हणून.

बाकी तिघांच्या तारखा माहीत नाहीत. टिनेकेला फोन करून विचाराव्या लागतील.