तीन इकडे, दोन तिकडे

वडील बहीण अनारअक्का हिला अट-बाशीहून धाकट्या असानकुलचा वाकून सलाम.

तुझा गुडघा कसा आहे? मेंढीच्या शेपटाची चरबी कोमट करून चोळत जा, असं मी मागेच सांगितलं होतं. पण धाकट्याचं ऐकेल ती अक्का कसली! आमच्याकडे सगळे खुशाल. गाय व्यायली, कालवड झाली. आमच्या हिची, कनिशायची, कंबर धरलेली आहे, पण तोंड मोकळं आहे (तू तिला अजून 'नवी सून'च म्हणतेस, म्हणून ही वार्ता). मी ठणठणीत आहे आणि मला कसलंही दुःख नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुझा उगाच गैरसमज व्हायचा.

आपली सेझिम तुला माहीतच आहे. पहिलं नातवंड आजी-आजोबांच्या ओटीत घालायचं, या रीतीने मिरलानने आणि सूनबाई बेगिमायने ती दूध सुटताच आम्हाला दिली आणि दोघं बिश्केकला नोकरीला गेली. पोरगी मला बाबा म्हणते, कनिशायला आई म्हणते आणि जन्मदात्या बापाला 'मिरलानदादा' म्हणते. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. पण या सप्टेंबरात ती पहिलीत जाणार, तर मिरलानचा फोन आला की आता तिला शहरात आणा. का, तर म्हणे गावच्या बालवाडीत लापशी खाणं आणि दुपारी झोपणं याखेरीज काही शिकवत नाहीत! माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, तिला गणित येतं. त्याने विचारलं, कुठलं गणित? मी म्हणालो, सगळं. (तोवर मी तिला 'काय शिकलीस' म्हणून एकदाही विचारलेलं नव्हतं.) ठरलं असं की सुनेच्या माहेरची मंडळी घेऊन तो रविवारी येईल, सर्वांदेखत पोरीचं गणित बघेल आणि मग काय तो निर्णय.

दुसऱ्या दिवशी मी बालवाडीत जाऊन बसलो. (खुर्ची गुडघ्याएवढी होती. उठलो तेव्हा तीही माझ्याबरोबर उठली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.) आता ऐक, गुलबाराबाई काय शिकवतात ते. लहान-मोठं, आखूड-लांब, कमी-जास्त. बटणांचे रंगांप्रमाणे ढीग करायचे. लाल, पांढरा, लाल, पांढरा, पुढे काय? मोठ्या बाहुलीला मोठा प्याला, लहान बाहुलीला लहान. पाच अक्रोड दोन पोरांत किती तऱ्हांनी वाटता येतील? मी जन्मभर घोड्यांना औषधं दिली, किती वजनाच्या घोड्याला किती मात्रा हे मला झोपेतही सांगता येतं. मी विचारलं, बाई, हे सगळं ठीक, पण गणित कधी सुरू होतं? बाई गंभीरपणे म्हणाल्या, "हेच गणित, असानकुलआजोबा. पुढे ते नुसतं वाढतं." मनात म्हटलं, मेलो! पोरगी हातची गेली.

रविवारी मेंढी कापली. मिरलान, सूनबाई, व्याही, विहीणबाई, व्याह्यांचे वडील एर्मेकआजोबा (ऐंशीच्या पलीकडचे, वाकून पार कोयता झालेले) आणि त्यांची गाडी चालवणारा दौलेत असे सगळे आले. पहिला घोटाळा दारातच. पोरगी एकेकाकडे बोट रोखून मोजायला लागली. कनिशाय किंचाळली! जिवंत माणूस मोजू नये, नजर लागते, हे पोरीला हजारदा सांगून झालंय. कोकरंसुद्धा आमच्याकडे कुणी मोठ्याने मोजत नाही. पोरीने क्षणभर विचार केला आणि उंबऱ्याबाहेरचे बूट मोजून आली. म्हणाली, पाहुणे पाच आहेत, आणि शिवाय एक पाय आहे. कुत्र्याने दौलेतचा एक बूट पळवला होता. माझा ऊर भरून आला. मिरलानकडे पाहिलं, तर तो मिशीत हसत होता.

इथे थांबलो असतो तर भलं झालं असतं, अक्का. पण मी हात दाखवून अवलक्षण केलं. मटण वाटायचा मान मी पोरीला दिला. परातीत हाडं मी स्वतः मानाप्रमाणे लावली होती: कमरेचं हाड एर्मेकआजोबांचं, मांडीचं व्याह्यांचं, आणि असं खाली खाली. तिने नुसतं पहिला, दुसरा, तिसरा करत पुढे जायचं, एवढंच तिच्याकडून घोटवून घेतलं होतं. ती परातीपुढे बसली, मी लावलेली रांग मोडली आणि हाडं मोठ्यापासून लहानापर्यंत नव्याने लावली. मग पाहुण्यांकडे बघितलं. एर्मेकआजोबांना हाताला धरून उठवलं आणि दौलेतच्या पाठीला पाठ लावून उभं केलं. एर्मेकआजोबा त्याच्या बरगडीपर्यंत आले. झालं! कमरेचं हाड दाराजवळ बसलेल्या ड्रायव्हरच्या पुढ्यात, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या हातात बोटाएवढी बरगडी. दौलेत बिचारा ते हाड असं धरून बसला की जणू कुणाचं तरी तान्हं पोर त्याच्याकडे चुकून आलंय.

मला वाटलं, याहून वाईट काही होणार नाही. तेवढ्यात पोरीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाबा, उंचीने लावायचं की रुंदीने? रुंदीने लावलं तर मोठं हाड विहीणबाईंचं." विहीणबाईंनी हातातला नान खाली ठेवला. तो त्यांनी जाईपर्यंत पुन्हा उचलला नाही. कनिशायने माझ्याकडे कसं पाहिलं ते मी पत्रात लिहीत नाही. फक्त एर्मेकआजोबा बरगडी चोखत म्हणाले, "इतकी वर्षं मान म्हणून नुसती हाडं चघळली, पोरी. दातांना झेपेल एवढं मटण आजच मिळालं." आणि ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

निर्णय? मिरलानने पोरीला उचलून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, तुमचं खरं होतं. हिला गणित येतं. इतकी हुशार पोरगी इथे वाया जाईल." बघ, अक्का! मठ्ठ असती तर शहरात न्यायची, आणि हुशार निघाली तरी शहरातच न्यायची. हा कुठला तराजू? मी भांडणार होतो. पण पोरीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. मिरलान तसाच अवघडून उभा राहिला, श्वाससुद्धा जपून घेत होता. तिच्याविना त्याने काय काढलं असेल हे मी कधी त्याला विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, ने. ऑगस्टच्या शेवटी ती जाईल. रीत रीतीच्या जागी, बाप बापाच्या जागी. मला काही वाटत नाही. संध्याकाळी घर जरा शांत राहील, माझ्या वयाला ते बरंच.

तर अक्का, एवढंच. गुडघ्याला जप. सर्वांना सलाम.

तुझा,
असानकुल

ता. क. वर 'मला काही वाटत नाही' असं लिहिलंय, ते कनिशायने वाचलं आणि हसली. तिचं हसणं मला आवडलं नाही.

पुन्हा ता. क. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात सेझिम चहाचे प्याले घेऊन आली. माणसं मोजायची नाहीत ना, म्हणून प्याले. तीन माझ्यापुढे ठेवले, दोन खिडकीकडे, बिश्केकच्या बाजूला. म्हणाली, आत्ता असं आहे. मग इकडचा एक उचलून तिकडे नेला. "आता असं होईल. इकडे दोन, तिकडे तीन. तरी पाचच, बाबा! पाच कुठे जात नाहीत." मी बोटांवर पडताळलं. गणित बरोबर आहे. अक्का, मी त्या दोन प्याल्यांकडे बघून लहान पोरासारखा रडलो. तिला वाटलं, मला समजलं नाही. तिने पुन्हा मांडून दाखवलं.

शेवटचा ता. क. मग तिने विचारलं, मोठ्या आत्याकडे किती प्याले? मी म्हणालो, एक. ती म्हणाली, एक म्हणजे सगळ्यांत कमी. आणि कपाटातून एक आणून तिने आमच्या दोनांशेजारी ठेवला. तीन इकडे, तीन तिकडे. "आता सारखं." अक्का, कोचकोरच्या घराला कुलूप लाव आणि ये. हिवाळ्यापुरती नव्हे, राहायलाच ये. तो प्याला अजून तिथेच आहे, पोरगी कुणाला उचलू देत नाही. त्याचा काठ उडालेला आहे. पाहुण्यांना असा प्याला देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तू पाहुणी म्हणून यायचंच नाहीस.