सात नंबरच्या कप्प्यातली माणसं

अक्का, आज तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही पुण्याहून बेंगळूरला आलेल्या, आमच्या कारखान्यातल्या कार्डांच्या खोलीच्या प्रमुख. मी इथलीच, पिढ्यान्‌पिढ्या कानडी मिसळून मराठी बोलणाऱ्या घरातली. साठ सालानंतरचा तो काळ, कॉम्प्युटर आमच्यापैकी कुणी पाहिलाही नव्हता. प्रत्येक कामगाराचं एक जाड कार्ड, त्यावर माहितीची भोकं, आणि भोकं बघून कार्डं वेगवेगळ्या कप्प्यांत टाकणारं ते खडखडणारं मशीन. पहिल्याच आठवड्यात मी त्याला नावं ठेवली तेव्हा तुम्ही फटकारलंत, "अगं, त्याला अर्थ कळत नाही, भोक कळतं. नको ते बाहेर आलं, तर आलेलं आधी वाचून बघ." मग रविवारी मल्लेश्वरमच्या तुमच्या स्वयंपाकघरात बसवून गरम उपमा खायला घातलात.

त्या सकाळी इस्पितळातून फोन येतो. कॉइल गुंडाळणाऱ्या खात्यातली एक बाई बाळंतपणात अडली आहे, ओ निगेटिव्ह रक्त हवंय. म्हणजे कार्डावर रक्तगटाच्या जागी सातचं भोक. मी कार्डं घालते आणि सात नंबरचा कप्पा भरून वाहतो. इतकी माणसं? वरची तिघं जीपने जातात आणि पुन्हा फोन येतो, एकाचंही रक्त जुळत नाही. साहेब ओरडतात, "मशीन बिघडलंय, मेकॅनिकला बोलवा!" दारात त्या बाईचा नवरा उभा. मी तुमच्याकडे पाहते. तुम्ही हात मागे बांधलेले. "तू शोध," एवढंच म्हणता.

"स्वल्प थांबा," म्हणत मी त्या कप्प्यातली कार्डं वाचायला घेतली. फौंड्री, फौंड्री, पुन्हा फौंड्री. जीपने गेलेले तिघंही फौंड्रीचेच. आणि कार्डं सगळी जुनी! डोक्यात लख्ख उजेड पडला. जुन्या कार्डांवर त्याच जागी खात्याचा नंबर असायचा, आणि फौंड्रीचा नंबर सात. रक्तगट तिथे आला तो नव्या कार्डांवर. मशीनने सांगितलेलं काम चोख केलं होतं, सांगण्यातच चूक होती. जुन्या कार्डांना शेवटच्या रकान्यात भोक नसायचं. त्यावरून ती आधी बाजूला काढली आणि उरलेली पुन्हा चालवली. आता सातच्या कप्प्यात मूठभर कार्डं. सगळ्यात वरचं कॅन्टीनमध्ये डोसे घालणाऱ्या आचाऱ्याचं. तो पिठाच्या हातांनीच जीपमध्ये चढला.

दुपारी कळलं, बाई वाचली, मुलगी झाली. खोलीत केवढा गलका! साहेब तुमचं अभिनंदन करायला आले, तर तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "माझं कसलं? हिने शोधलं." त्या संध्याकाळी बसमध्ये जागा होती, तरी मी घरापर्यंत उभीच राहिले. बसवेचना.

तुम्ही जाऊन वर्षं झाली, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हे मला ठाऊक आहे. यातलं सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंयही. पण खरं सांगू, अक्का? तुमची आठवण हे निमित्त. मला पुन्हा एकदा फुशारकी मारायची होती, आणि घरातल्या सगळ्यांची ऐकून झाली आहे.