मेंढ्याच्या चरबीचं वंगण

३ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, रोज सकाळी रक्तदाब लिहा, आणि मनात साचतं तेही लिहा, म्हणजे दाब उतरेल. म्हणून ही वही. वाचणारं कोणी नाही. बायकोला, कुल्जिपाला, तिचा चष्मा सापडत नाही आणि मी तो सापडू देणार नाही.

दाब चढलेला. कारण शाकिर. माझा व्याही, सुनेचा बाप, शिवाय बोटीतला भागीदार. बोट आणि तिचा ट्रेलर माझा, जाळी आणि व्हॅन त्याची. समुद्र गावाला सोडून लांब गेला तेव्हापासून ट्रेलरशिवाय मासेमारी नाही, म्हणजेच माझ्याशिवाय नाही. हे तो विसरतो. आज आला, चहा प्यायला, आणि जाताना टेबलावर एक निळा डबा आदळला. झाकण तारेने घट्ट बांधलेलं. म्हणाला, व्याहीबुवा, यंदा चाकं उघडायचीच, समुद्रावरचा बर्फ फुटायच्या आत. तापलेलं चाक थंड पाण्यात गेलं की खारं पाणी आत ओढून घेतं, मागच्या वर्षी कसं किंचाळत होतं ऐकलंस ना? डबा आजच उघड. सगळं त्यात आहे.

मी म्हणालो, चाक म्हणजे काय उंट आहे, पाणी प्यायला?

हसला. पण डबा उचलला नाही.

सगळं म्हणजे काय, तर ग्रीस. डबा भलताच जड आहे. हलवला की आत ठक् होतं. जुनं ग्रीस गोठून दगड झालेलं दिसतंय. उरलंसुरलं माझ्या गळ्यात. खरा भागीदार असता तर नवी बेअरिंगं आणली असती. फळीवर ठेवून दिला.

६ मार्च
उद्या चाकं उघडणार. आज वारा आहे.

७ मार्च
वारा नाही, पण जॅकही नाही. कुल्जिपाने तो पिठाच्या पिंपाच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलाय. मागितला तर म्हणाली, घरधनी, मग उंदीर तुम्ही पकडणार का? मोठा पाना शेजारच्या नगमेतकडे आहे. तिकडे जाता येत नाही. त्याने नवा ट्रेलर घेतलाय, आणि कुणाची नवी वस्तू पाहिली की भेट द्यावी लागते. मी तो अजून पाहिलेला नाही. आमच्या फाटकासमोरच उभा आहे, पण मी पाहत नाही.

९ मार्च
कुल्जिपा बहिणीकडे गेल्याबरोबर जॅक घेतला. एक चाक उचललं. मधली टोपी सुरीने काढली. आतलं ग्रीस दुधाच्या चहासारखं झालंय. मला तर रंग बरा वाटला. शाकिर मागे म्हणाला होता, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलं समज, सगळं बाहेर काढून धुवायचं. पण तो कसला चहा पितो ते मला ठाऊक आहे. त्याच्या घरी दूध दाखवण्यापुरतंच घालतात.

टोपी परत ठोकली. थोडी चेपली. हात थरथरत होता, थंडीमुळे.

१२ मार्च
पहाटे पडल्यापडल्या उत्तर सापडलं. आमचे वडील उंटाच्या गाडीचा आस मेंढ्याच्या शेपटीच्या चरबीने माखायचे. त्या गाडीने सगळा मुलूख पाहिला. तेव्हा कुठे होते निळे डबे? लोक शेपटीची चरबी विसरले आणि मग चाकं किंचाळायला लागली. शाळा माझी सातवीत सुटली, पण ही गोष्ट शाळेत शिकवतच नाहीत.

कोठीत हिवाळ्यासाठी खारवलेल्या मांसातली मेंढ्याची एक अख्खी शेपटी टांगलेली होती, नुसती चरबीच. पांढरीशुभ्र, उशीएवढी. मीठ मी स्वतः चोळलं होतं. कुल्जिपाचा हात मिठाला आखडतो, मी मूठमूठ घातलं, म्हणून तर ती अजून टिकली. शेळ्यांच्या गोठ्यामागे चुलीवर वितळवली आणि टोप्या काढून दोन्ही चाकांत ओतली, पार काठोकाठ. उरलेली बाहेरून माखली. चाक फिरवलं. लोण्यासारखं! आवाज नाही, काही नाही.

चाक पूर्ण उघडायची गरजच पडली नाही. शाकिरला सांगणार नाही. काही विद्या घरातच राहिलेली बरी.

१५ मार्च
कुल्जिपाला शेपटी सापडत नाही. नौरिजला, नव्या वर्षाच्या सणाला, व्याही जेवायला येतात, त्यांच्या पुढ्यात ठेवायला ती राखून ठेवली होती म्हणे. मला काय माहीत? तिने अक्तोसवर संशय घेतला. आमचा कुत्रा. त्याच्या मिशांना चरबी लागलेली होती, हे खरं आहे. त्याला बांधून ठेवलाय. मी गप्प बसलो. घरातल्या भांडणात पुरुषाने पडू नये.

अक्तोस माझ्याकडे बघतो. मी तिकडून जात नाही.

२२ मार्च
नौरिज. गाव नवे कपडे घालून एकमेकांच्या घरी फिरतंय. शाकिर आणि त्याची बायको जेवायला आली. ताटात मांस होतं, पण शेपटी नव्हती. कुल्जिपाचा चेहरा पडला. म्हणाली, कुत्र्याने नाक कापलं हो आमचं. शाकिर म्हणाला, असू दे विहीणबाई, आपण एकमेकांना शेपटी आणि कलेजी भरवली ती कधीच, मुलांच्या सोयरिकीला. ती अजून पोटात आहे.

बरोबर बोलला. शेपटी आणि कलेजी एकमेकांच्या हातून खाल्लेला व्याही जन्मभर फिरत नाही. मला एकदम हलकं वाटलं.

मग अंगणात गेलो आणि अक्तोस दोरी तोडून ट्रेलरचं चाक चाटत बसलेला. अंगात आल्यासारखा चाटत होता. शाकिर म्हणाला, व्याहीबुवा, कुत्रा मेकॅनिक केव्हापासून झाला? मी म्हणालो, त्याला लोखंड कमी पडतंय, डॉक्टर सांगतात तसं. त्याने विचारलं, चाकांचं काम झालं? झालं म्हणालो. डब्यातलं? म्हणालो, सगळं. तो म्हणाला, सगळं बसवलंस? एकट्याने? मी म्हणालो, एकट्याने.

ग्रीस बसवत नाहीत, लावतात. पण मी त्याची चूक काढली नाही.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. म्हणाला, मला वाटलं होतं तू बोलावशील. हात थरथरतात ना आता तुझे. पण बरं झालं, आणखी एक वर्ष निघेल आपलं.

आणखी एक वर्ष! मी काय दुकानासमोरच्या बाकावरचा म्हातारा आहे? ते बसतात तिथे पिशव्या घेऊन, बोटी परतायच्या वाटेवर. जो मागेल त्याला पहिल्या माशातला वाटा द्यायचा असा आमच्याकडे रिवाज आहे. मी कायम दिला. मोठ्या मनाने, त्यांच्या डोळ्यांत न बघता.

३० मार्च
गावातली सगळी कुत्री आमच्या फाटकाशी बसलेली. शेजारणी म्हणतात, घरात लग्न निघालं का?

चाक हलवून पाहिलं. करकर असा आवाज. ट्रेलरखाली चिमणी घरटं करत असावी.

२ एप्रिल
चिमणी दिसली नाही. आवाज आहे. चाकाच्या मधून तांबूस पाणी ओघळलंय. हे नगमेतचं काम. त्याला माझी जागा हवी, शाकिरशेजारची. चाकांना जुनी नमद्याची घोंगडी गुंडाळली आणि वर तार बांधली. जाताजाता त्याने विचारलं, उतेगेनआजोबा, चाकांना थंडी वाजते का? त्याचं हसणं मला आवडलं नाही. म्हणाला, दुरुस्तीला माझं काही लागलं तर सांगा. म्हणजे मनात काहीतरी आहेच.

८ एप्रिल
बर्फ फुटला! शाकिर धावत सांगायला आला. माशांच्या अंडी घालायच्या दिवसांतली मासेमारीबंदी लागायच्या आत मिळतील तेवढ्या फेऱ्या मारायच्या. परवा निघायचं. दाब चढलेला, पण हा चांगला दाब.

१० एप्रिल
लिहवत नाही.

११ एप्रिल
लिहितो. मन मोकळं झालं पाहिजे.

काल सकाळी निघालो. दुकानासमोरून जाताना बाकावरच्या म्हाताऱ्यांना हात केला. मागे कुत्री पळत होती, अक्तोस सगळ्यांत पुढे. वाळवंटाला लागल्यावर शाकिरने व्हॅन थांबवली. तो नेहमीच थांबतो, चाकांना हात लावून बघतो, फार तापली का. हात लावला आणि बोटं तोंडात घातली. मग हवा हुंगून म्हणाला, व्याहीबुवा, इथे उजाड रानात बाउरसाक कोण तळतंय? खरंच, सणासुदीला पिठाचे गोळे तळताना कढईतून येतो तसा वास सुटला होता. मी म्हणालो, गावाकडून वारा येतोय. वारा समोरून होता.

त्याने बोटं विजारीला पुसली. मला विचारलं, सगळं बसवलं होतंस ना? मी म्हणालो, पुन्हापुन्हा काय विचारतोस, विश्वास नाही का? मग गाडीत बसला. तेवढाच विश्वास असायला हवा होता की नाही? बसला म्हणजे होता.

थोडं पुढे गेल्यावर डाव्या खिडकीतून एक चाक आमच्या पुढे निघून गेलं. आधी मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं. शाकिर म्हणाला, हे आपलं. चाक शहाण्यासारखं वाटेनेच जात होतं, समुद्राकडे. मग मागे धाडकन बोट कलंडली.

शाकिर आसाशी गुडघे टेकून बसला. बोटाने काळी पडलेली चरबी काढली. तीत गंज होता, मिठाचे खडे होते. हुंगली. एवढ्यात अक्तोस धापा टाकत पोचला आणि आमच्या डोळ्यांदेखत आस चाटायला लागला. शाकिरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाला, नौरिजची शेपटी?

मी म्हणालो, वडील हेच लावायचे.

ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं. मी तयार होतो. तो ओरडला नाही. मागून नगमेत आला, त्याच्या ट्रेलरवर त्याची बोट. शाकिरने आपली जाळी माझ्या बोटीतून काढून त्याच्या बोटीत टाकली. एकेक, नीट गुंडाळून. मला म्हणाला, तू बोटीपाशी थांब उतेगेन, ट्रॅक्टर पाठवतो. व्याहीबुवा म्हणाला नाही.

दिवसभर बोटीत बसलो. समुद्र तिथून दिसत नाही.

१३ एप्रिल
कोणकोण फिरलं ते आठवतोय. शाकिर फिरला, माझ्या हातची शेपटी आणि कलेजी खाऊन फिरला. अक्तोस फिरला. वडिलांची चरबी फिरली. मीठ तर माझ्याच हातचं. कुल्जिपाला सगळं कळलंय. तिने कुत्र्याची माफी मागितली, त्याला नळीचं हाड दिलं, मला बिनमांसाचा रस्सा. म्हणाली, तो बिचारा आठवडाभर बांधलेला होता आणि तुम्ही दारात उभे राहून दात कोरत होता.

मी दात कोरत नव्हतो. मी विचार करत होतो.

१७ एप्रिल
फाटकाला पिशवी लटकलेली. आत सुळा मासा, चांगला हातभर. पाठवला शाकिरने. भागीदाराचा अर्धा हिस्सा नाही. एक मासा. जो मागेल त्याचा वाटा, आणि मी तर मागितलाही नव्हता! कुल्जिपा म्हणाली, तळते, पण घरात चरबी नाही. उकडून खाल्ला.

मी ठरवलं, निळा डबा त्याच्या तोंडावर परत फेकायचा. न उघडलेला. सगळ्यांसमोर. तुझं ग्रीस तुला लखलाभ म्हणायचं.

१८ एप्रिल
डबा घेऊन निघालो. पायरीवर हातातून निसटला. तार तुटली, झाकण उडालं.

आत ग्रीस होतं, मऊ, निळं. त्यात बुडवलेली नवी बेअरिंगं. दोन्ही चाकांची, आतली आणि बाहेरची. वर तेलकट कागदात सील. बेअरिंगांच्या गोळ्यागोळ्यांत ग्रीस बोटाने दाबून भरलेलं. करायचं काही उरलंच नव्हतं. नुसती बसवायची.

कुल्जिपा दारात आली. म्हणाली, हिवाळ्यात तुम्ही दुपारी झोपला होता तेव्हा आले होते व्याही, चाकाचं माप घेऊन गेले. मला म्हणाले, विहीणबाई, बोलू नका, त्याला वाईट वाटेल. डबा उघडला की कळेलच.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? म्हणाली, डबा उघडायला दोनदा सांगावं लागतं, हे त्यांना कुठे माहीत होतं?

१९ एप्रिल
बसवायला गेलो. पाना नगमेतने आपणहून आणून दिला. त्याचा ट्रेलर पाहावा लागला. चांगला आहे. भेट म्हणून माझी मोठी कंदील-बत्ती दिली, आता मला कशाला लागते.

नवं बेअरिंग आसावर चढवलं. डुगडुगतं. आसाचं टोकच खाल्लं गेलंय, अर्धवट चावलेल्या खडूसारखं. अराल्स्क शहराहून नवा आस आणेपर्यंत बंदी लागेल. बंदी उठेपर्यंत शाकिरला नगमेतची सवय लागेल.

बेअरिंगं पुसून परत डब्यात बुडवली. झाकण तारेने बांधलं.

२१ एप्रिल
दाब बरा आहे. वारा नाही.

बोटी परतायच्या सुमाराला सहज दुकानाकडे गेलो. पिशवी होती हातात, कुल्जिपाने ब्रेड आणायला दिली होती. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी माझी पिशवी पाहिली. सरकले आणि जागा दिली.

नगमेतची गाडी आली. शाकिर उतरला. एकेकाच्या पिशवीत मासा टाकत आला. माझ्यापाशी थांबला, सगळ्यांत मोठा निवडला आणि माझ्या पिशवीत ठेवला. माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. मोठ्या मनाचा माणूस आहे.

ब्रेड आणायचा राहिला.