शनिवारी केलेल्या खुणा

निघोजे,
रविवार, दुपार

प्रिय कुलदीप,

घरच्यांसमोर 'अहो' आणि खोलीत 'तू', असं आपलं लग्नापासून चालत आलंय. हे पत्र खोलीतलं आहे. मोबाइलवर तीनदा पाठवलं आणि तू बघायच्या आत तीनदा पुसलं. हिचं आता काय नवीन, म्हणून तू फोन पालथा ठेवला असशील. शेवटी नेहाच्या वहीची पानं फाडली आणि बसले.

नेहा बरी आहे असं खोटं लिहीत नाही. दिवाळीपासून दोनदा ताप येऊन गेला. सात वर्षांची पोर, वजन सतरा किलो. पण शहाणी इतकी, की मलाच लाज वाटते. घड्याळात दर दोन तासांनी गजर लावलाय, तो वाजला की खेळ सोडून लघवीला जाते आणि पाच मिनिटांनी न सांगता पुन्हा जाऊन येते. मूत्राशयात थेंब उरू द्यायचा नाही, हे तिने आपल्यापेक्षा नीट लक्षात ठेवलंय. शाळेतल्या बाईंनाही तिनेच समजावून सांगितलं.

तुला आठवतं, ती चार वर्षांची असताना दर महिन्याला ताप यायचा? ना सर्दी, ना खोकला. आपण तापाचं औषध पाजायचो आणि ड्युटीवर पळायचो. राजगुरुनगरच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा लघवी तपासायला सांगितली आणि मग पुण्याला धाडलं. तिथे त्या एक्स-रेच्या मशीनवर झोपवून, नळी घालून, चार अनोळखी माणसांसमोर लघवी कर म्हणाले तिला. ती ओठ घट्ट मिटून पडली होती. तू तो जड एप्रन घालून तिच्या कानाशी 'शूऽऽ' करत राहिलास, तेव्हा कुठे ती हसली आणि काम झालं. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं, मला काही कळलं नाही, मी नुसती मान हलवली. येताना बसमध्ये तू समजावलंस. कंपनीत पाण्याच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो ना, पाणी एकाच बाजूला सोडणारा, तसा किडनीची नळी मूत्राशयात शिरते तिथे असतो. हिचा नीट मिटत नाही. लघवी उलटी वर चढते, सोबत जंतू नेते, आणि ताप येईल तसे किडनीवर व्रण पडतात. वय वाढेल तशी कदाचित आपोआप सुधारेल. तोवर रोज झोपताना एक चमचा औषध, जंतू वाढू नयेत म्हणून. एवढंच तर काम होतं.

आपल्या शिफ्ट उलटसुलट, म्हणजे पोरीपाशी कायम एक जण. ज्याची फर्स्ट शिफ्ट तो रात्री घरी, म्हणून त्याने त्या आठवड्यात औषध द्यायचं आणि कॅलेंडरवर खूण करायची. कल्पना माझीच होती. क्वालिटीत काम करते म्हणून मिरवलंही होतं मी.

मग मागच्या सप्टेंबरात तिला पाच दिवस अ‍ॅडमिट केलं, स्कॅन झाला, आणि डावी किडनी जेमतेम दहा टक्के चालतेय असं कळलं. औषध नियमित होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी पर्समधून कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. माझे आठवडे गच्च भरलेले होते, तुझ्या आठवड्यांत मधेमधे रिकामे चौकोन. तू खाली मान घालून म्हणालास, व्हय, कधी कधी डोळा लागला. कोणता डोस चुकल्यामुळे काय झालं ते सांगता येत नाही, काही नुकसान जन्माआधीचंही असेल, असं डॉक्टर म्हणाले होते. ते कुणी ऐकलंच नाही. घरी माझा गणराजदादा तुझ्या अंगावर धावून गेला, पोरीची किडनी घालवली म्हणाला, आणि तू बॅग भरून महाळुंग्याला भाड्याच्या रूमवर राहायला गेलास. मी कुकरचं झाकण हातात धरून उभी होते. थांब म्हणाले नाही.

आता ऐक. कंपनीत तासातासाला माल तपासून भरायची चेकशीट आम्ही शिफ्ट सुटताना एका दमात भरतो. सगळेच भरतात, सुपरवायझरलाही ठाऊक आहे. ती सवय मी घरी आणली. पहाटे पाचला उठलेली मी, नेहाला थोपटता थोपटता तिच्याआधी झोपायचे, आणि शनिवारी सकाळी पेन घेऊन मागच्या सातही चौकोनांत खुणा करायचे. दिलं असेलच, असं स्वतःला सांगत. तुझे चौकोन रिकामे होते, कारण तू चुकलास त्या दिवशी खूण केली नाहीस. खरं कॅलेंडर तुझं होतं, कुलदीप. डॉक्टरांच्या टेबलाशीच मला ते कळलं होतं. मी गप्प बसले. हे मी केलं.

येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे. डावी किडनी काढणार, कारण आता तिच्यात फक्त जंतू राहतात. उजवीची नळी मूत्राशयात नव्याने बसवणार, म्हणजे लघवी उलटी जाणार नाही. ती एकच उरणार आहे. काल भुलीच्या डॉक्टरांनी आजाराची माहिती विचारली, तर मी तोंड उघडायच्या आत नेहाच बोलली. पप्पा औषध द्यायला विसरले म्हणून माझी किडनी खराब झाली. रागाने नाही, पाढे म्हणावेत तसं. डॉक्टरांनी लिहूनही घेतलं. घरी आले आणि कॅलेंडर काढून बसले. ज्या दिवशी औषध खरंच दिल्याचं आठवतं, त्याच खुणेभोवती लाल गोल केलाय. ती पानं सोबत आहेत. अ‍ॅडमिट केलं त्याच्या आधीचा आठवडा माझा होता. त्यात सात खुणा आहेत आणि दोन गोल. दादाला सगळं सांगितलं, तोच हे पाकीट घेऊन येतोय. नेहाला अजून सांगितलं नाही. बुधवारी संध्याकाळी वॉर्डात सांगणार आहे. तेव्हा तू तिथे हवास. मला माफ कर म्हणून नाही. ते ऐकल्यावर ती माझ्याजवळ येणार नाही, आणि त्या वेळी तिला जवळ घ्यायला कुणीतरी पाहिजे.

तुझीच,
स्वप्नाली